‘इन्सुलेशन’ या शब्दाचा अर्थेतिहास व त्याचे मराठी पर्याय

मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी ‘इन्सुलेशन’ हा शब्द आज निदान चार प्रसंगी येतो. विजेच्या तारेवरील आवरण, शीतकपाटाच्या दोन भिंतींमध्ये भरलेला हलका पदार्थ, पत्र्याच्या छपराखाली ऊन अडविण्यासाठी बसविलेला थर, आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीला आतून लावलेले गादीसारखे अस्तर. या चारही ठिकाणी शब्द परका असला तरी वस्तू परिचयाची आहे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात मात्र हाच शब्द दिसेनासा होतो, आणि त्याच्या जागी ‘दुर्वाहक’, ‘विसंवाहक’, ‘रोधक’, ‘निरोधक’ असे अनेक शब्द आळीपाळीने येतात. एका परक्या शब्दासाठी आपण इतके शब्द का घडविले, आणि त्यांपैकी एकही दुकानाच्या फळीपर्यंत का पोहोचला नाही, हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. त्याचे उत्तर शोधताना मूळ शब्दाचा इतिहास पाहणे अवश्य ठरते.

लॅटिन भाषेत ‘इन्सुला’ म्हणजे बेट. प्राचीन रोममध्ये भाड्याने दिल्या जाणाऱ्या अनेक मजली इमारतींनाही ‘इन्सुला’ म्हणत. इटालियन भाषेत नगरातील चार रस्त्यांनी वेढलेल्या घरांच्या चौकाला आजही ‘इझोलातो’ हे नाव आहे. पोर्तुगीज भाषेत याच शब्दाचे ‘इल्या’ असे रूप झाले, आणि पोर्तुगीज अमलात तिसवाडी तालुक्याचा सरकारी उल्लेख त्याच्या अनेकवचनाने, म्हणजे ‘बेटे’ या अर्थानेच होत असे. गोव्याच्या जुन्या कागदपत्रांत ‘इल्यास’ हे नाव भेटते, ते आपल्या विजेच्या तारेवरील आवरणाचे दूरचे नातलग आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

इंग्रजीत ‘इन्सुलेट’ हे क्रियापद सोळाव्या शतकात आले तेव्हा त्याचा अर्थ अक्षरशः ‘भोवती पाणी आणून बेट करणे’ असा होता. पुढे वास्तुशास्त्रात भिंतीला न टेकता सुटा उभा असलेला खांब हा ‘इन्सुलेटेड’ म्हटला जाऊ लागला. येथपर्यंत या शब्दाचा कोणत्याही पदार्थाशी संबंध नव्हता. तो एका स्थितीचे नाव होता. भोवतालच्यांशी ज्याचा स्पर्श नाही, तो त्या स्थितीत आहे, एवढेच त्यातून सांगितले जाई. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

स्थितीवाचक शब्दाचा पदार्थाशी संबंध जुळला तो इंग्लंडमध्ये, केंट परगण्यातील ऑटरडेन येथील एका वाड्यात झालेल्या प्रयोगांनंतर. इ. स. १७२९ च्या जुलै महिन्यात स्टीफन ग्रे व त्यांचे स्नेही ग्रॅनव्हिल व्हीलर हे काचेची नळी घासून तिचा ‘विद्युत्-गुण’ दोरीवाटे किती दूर नेता येतो याचा शोध घेत होते. दोरी सुतळीची होती आणि तिच्या टोकाला हस्तिदंती गोळी बांधली होती. सुतळी आडवी नेताना तिला जागोजाग आधार देणे आवश्यक होते, आणि आधार जितका बारीक तितका गुण कमी वाया जाईल, या समजुतीने त्यांनी रेशमाचे धागे वापरले. प्रयोग उत्तम साधला. दोरी लांबविता लांबविता रेशमाचे धागे वजनाने तुटले. तेव्हा तितक्याच बारीक, पण मजबूत अशा पितळी तारेचा आधार दिला गेला, आणि काचेची नळी कितीही घासली तरी टोकाच्या गोळीकडे काहीही ओढले जाईना. धाग्याचा बारीकपणा नव्हे तर त्याचे रेशीमपण कामी येत होते, हा बोध त्या तुटलेल्या धाग्यांनी करून दिला. पुढे रेशमाच्याच आधारावर त्यांनी सातशे फुटांच्या पलीकडे हा गुण पोहोचविला. दुसऱ्या वर्षी ग्रे यांनी एका मुलाला रेशमी दोऱ्यांनी आडवे टांगून त्याचे शरीर विद्युत्-भारित केले, आणि तो प्रयोग युरोपभर दरबारी मनोरंजनाचा विषय झाला.

टांगलेला मुलगा हे या शब्दाच्या इतिहासातील मोठे बोलके चित्र आहे. जमिनीशी त्याचा स्पर्श नाही. तो हवेतील बेट आहे. ‘इन्सुलेट’ हे क्रियापद विजेच्या क्षेत्रात आले ते याच अर्थाने. वस्तूला मेणाच्या चकतीवर ठेवून किंवा रेशमाने टांगून जगापासून सुटी करणे, हे त्या क्रियेचे स्वरूप. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या प्रयोगांत माणसे मेणावर उभी राहत. फ्रान्समध्ये अशा प्रयोगासाठी काचेच्या पायांचे एक चौरंगासारखे आसन करीत व त्याला ‘इझोल्वार’, म्हणजे सुटे करणारे साधन, असे नाव होते. या नावाचे पुढे जे झाले ते शब्दार्थाच्या अभ्यासकाला हर्ष देणारे आहे. विजेचे खेळ मागे पडले, आसन अडगळीत गेले, आणि इ. स. १९१३ च्या कायद्याने फ्रान्समध्ये गुप्त मतदानासाठी पडद्याचा कक्ष सक्तीचा झाला तेव्हा तोच शब्द त्या कक्षाला मिळाला. फ्रेंच मतदार आजही ‘इझोल्वार’मध्ये जाऊनच आपली निवड करतो. तेथेही तो क्षणभर बेट होतो. धनी, शेजारी, आप्त यांचा दाब त्याच्यापर्यंत पोहोचू नये, ही त्यामागील योजना.

तारायंत्राच्या युगात मात्र हे चित्र बदलले. शेकडो मैलांची तार मेणावर ठेवता येत नाही. जमिनीवर ती खांबांवरील चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्यांना टेकवून नेता येते, परंतु समुद्राखालून न्यायची तर तिला अंगभर काहीतरी नेसविले पाहिजे. मलाय द्वीपकल्पातील एका झाडाचा चीक या कामी आला. इ. स. १८४३ मध्ये ‘गटापर्चा’ या नावाने तो लंडनला पोहोचला होता. या नावातील पहिल्या घटकाचा मलाय भाषेतील अर्थच चीक असा आहे. इ. स. १८४८ मध्ये मायकेल फॅरडे यांनी त्याच्या विद्युत्-गुणांकडे लक्ष वेधले. इ. स. १८५८ ची पहिली अटलांटिक तार अवघ्या काही आठवड्यांत मुकी झाली. आधीच सदोष असलेले तिचे गटापर्चाचे आवरण अतिरिक्त दाबाच्या विजेने निकामी केले होते. टिकाऊ अटलांटिक तार पडली ती १८६६ मध्ये. मुंबई व एडन यांना जोडणारी तार ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने १८७० मध्ये टाकली. लंडनची बातमी मुंबईच्या पेढ्यांना काही तासांत कळू लागली, ती मलायातील असंख्य झाडे तोडून काढलेल्या चिकाच्या आधारावर.

अर्थाच्या दृष्टीने येथे जे घडले ते असे : सुटे असणे ही स्थिती मागे सरली आणि सुटे ठेवणारा पदार्थ पुढे आला. ‘इन्सुलेशन’ म्हणजे आता तारेवरचे कातडे. शब्द बेटाचा होता. तो भोवतीच्या पाण्याचा झाला. उष्णतेच्या क्षेत्रात हा शब्द गेला तोही याच नव्या अर्थाने. तत्पूर्वी व्यवहार नव्हता असे मात्र नाही. इ. स. १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाचे जहाज बॉस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातील सुमारे शंभर टन बर्फ शाबूत होता. त्याच दशकात मुंबईच्या मेजवान्यांतही अमेरिकन बर्फ दिसू लागला. झाडाची साल, गवत, लाकडाचा भुसा यांनी हे साधले. तो व्यापार करणाऱ्यांना परिभाषेची उणीव भासल्याचे दिसत नाही.

एकाच ‘इन्सुला’पासून इंग्रजीला आणखी एक क्रियापद मिळाले, फ्रेंच व इटालियन मार्गाने. ‘आयसोलेट’. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही दोन भावंडे इंग्रजीत एकत्र नांदत आहेत, आणि त्यांनी हळूहळू कामे वाटून घेतली. तार ‘इन्सुलेट’ करतात, रोगी ‘आयसोलेट’ करतात. पहिल्यात जपणुकीचा भाव आहे, दुसऱ्यात दूर सारण्याचा. जर्मन व रशियन भाषांनी ही वाटणी केली नाही. तेथे एकच शब्द दोन्हीकडे चालतो. रोग्याच्या बाबतीत तर बेटाचा अर्थ अलंकारिकही नव्हता. इ. स. १३७७ मध्ये रागुसा नगराने, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिकने, साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर ठेवण्याचा ठराव केला, तेव्हा नेमलेल्या जागांपैकी एक खरोखरीचे छोटे बेट होते. व्हेनिसने १४२३ मध्ये पटकीच्या नव्हे, प्लेगच्या रोग्यांसाठी रुग्णालय उभारले, तेही खाडीतील बेटावरच.

मराठीकडे वळताना प्रथम आपल्या बेटांचा विचार करू. संस्कृत ‘द्वीप’ या शब्दात ‘द्वि’ व ‘अप्’ असे दोन घटक आहेत. ज्याच्या दोहो बाजूंना पाणी आहे ते द्वीप. पाणिनीच्या ज्या नियमाने येथे ‘अप्’चा आद्य स्वर दीर्घ ‘ई’ होतो, त्याच नियमाने ‘समीप’ हाही शब्द सिद्ध होतो. म्हणजे संस्कृतात द्वीप आणि समीप ही एका घरची लेकरे आहेत, आणि तुटलेपणाची कल्पना द्वीपाला मुळातून चिकटलेली नाही. मराठी ‘बेट’ तर आणखीच निराळे. आपण वेळूचेही बेट म्हणतो, आणि त्यात दाटी आहे, एकाकीपण नाही. कोपरगावच्या लोकांना गोदाकाठचे बेट हे वस्तीचे नाव म्हणून परिचित आहे, कोणा निर्वासिताचे स्थान म्हणून नव्हे. तेव्हा ‘इन्सुलेशन’साठी मराठीने बेटाची प्रतिमा उचलली नाही याचे नवल वाटू नये. उचलली असती तरी ती कोणास उमगली नसती.

त्याऐवजी परिभाषाकारांनी दोन वाटा धरल्या. पहिली वहनाची. इंग्रजीत विजेच्या संदर्भात ‘कंडक्टर’ हा शब्द देझागुलिए यांनी १७४० च्या सुमारास रूढ केला. त्याचा आपण ‘वाहक’ केला, आणि पदार्थांचे ‘सुवाहक’ व ‘दुर्वाहक’ असे भाग पाडले. (एस. टी. बसमधील तिकीट देणाऱ्या गृहस्थांनाही आपण ‘वाहक’च म्हणतो. इंग्रजी शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच पिशवीतून आले, त्यास इलाज नव्हता.) ‘दुर्वाहक’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु त्याच्या पोटात एक निंदा दडली आहे. दुर्जन, दुर्गुण, दुर्दैव यांच्या पंक्तीत तो बसतो. रबर हे जणू तांबे होऊ न शकलेले काहीतरी. शाळकरी मुलास प्रथम हे शिकवायचे की रबर वाईट वाहक आहे, आणि मग सांगायचे की हा वाईटपणाच तुझा जीव वाचवितो. ‘विसंवाहक’ हा शब्द या दोषातून मुक्त आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो चांगला रुळलाही. संस्कृतज्ञास मात्र तो वाचताना थोडे हसू येते. ‘संवाहक’ म्हणजे अंग चेपणारा, आणि मृच्छकटिकात या नावाचे पात्र जुगारात सर्वस्व घालवून अखेर भिक्षू होते. विजेशी त्याचा संबंध जोडणे कठीण. पण रूढीपुढे व्युत्पत्तीचे काही चालत नाही, आणि चालूही नये.

दुसरी वाट रोधाची. ‘रुध्’ धातूपासून आलेला संस्कृत ‘रोधस्’ म्हणजे नदीचा काठ, बांध. ‘रोधक’, ‘निरोधक’, ‘उष्णतारोधक’, ‘ध्वनिरोधक’ या शब्दांत म्हणून बांधाचे चित्र आहे. प्रवाह येतो आणि अडतो. हे चित्र सुबोध आहे, पण त्यात दोन अडचणी आल्या. भौतिकशास्त्रात ‘रोध’ ही मोजण्याची राशी आहे. ओहमच्या नियमात दाबास प्रवाहाने भागले असता जो येतो तो रोध. तांब्याच्या तारेलाही तो असतो. मग ‘रोधक’ म्हणजे प्रवाह थोडासा कमी करणारा की मुळीच न जाऊ देणारा? विद्यार्थ्याने येथे गोंधळावे, अशीच आपली योजना आहे. ‘निरोधक’ शब्दाची अडचण निराळ्या स्वरूपाची. योगशास्त्रात चित्तवृत्तींच्या संदर्भात प्रतिष्ठा पावलेला ‘निरोध’ हा शब्द १९६८ मध्ये कुटुंबनियोजनाच्या सरकारी साधनाचे नाव म्हणून गावोगावच्या भिंतींवर रंगविला गेला. त्यानंतर वर्गात विद्युत्-निरोधन शिकविणाऱ्या मास्तरांच्या वाट्यास जे आले असेल, त्याची कल्पना करता येते. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० ची, केंद्रीय शब्दावली आयोगाची १९६१ ची. त्या काळच्या परिभाषाकारांनी असा अपघात गृहीत धरावा, ही अपेक्षा अन्यायाची होईल.

‘आयसोलेशन’ या दुसऱ्या भावंडाचे मराठीत निराळेच झाले. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगपासून ‘कारंटीन’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला, आणि त्याला सक्तीचा व भयाचा वास कायमचा चिकटला. २०२० च्या साथीत शासकीय मराठीने ‘अलगीकरण’ व ‘विलगीकरण’ असे दोन शब्द वापरले. संशयितासाठी पहिला, रोग्यासाठी दुसरा, असा त्यांतला भेद. लोकांनी तो पाळला नाही, पण दोन्ही शब्द त्यांना कळले, हे महत्त्वाचे. ‘विलग’ हा जुना, घरचा शब्द आहे. त्यापासून विजेच्या क्षेत्रासाठी एखादा शब्द घडविला असता तर मूळ अर्थाच्या तो पुष्कळ जवळ गेला असता. आता ती संधी गेली. ‘विलगीकरण’ ऐकताच रुग्णालयाची खाट आठवते.

वीज येण्यापूर्वी मराठी समाजाला स्पर्श, वहन व रोध यांची कल्पना नव्हती काय? होती, आणि ती अत्यंत रेखीव होती. ‘विटाळ’ हा शब्द पाहावा. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या अपभ्रंश विभागात अस्पृश्यसंसर्ग या अर्थी ‘विट्टाल’ हा देशी शब्द नोंदविला आहे. शब्दाचे वय निदान इतके, आणि कल्पनेचे त्याहून अधिक. विटाळ ‘होतो’, ‘लागतो’, ‘कालवतो’. तो स्पर्शाने एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्याला अडविण्याचे पदार्थही ठरलेले. रेशमी मुकटा, कद, लोकरीची धाबळी. सुती वस्त्र धुऊन, उंच वळणीवर काठीने वाळत घालून, कोणाचा हात न लागता नेसले तरच सोवळे.

रेशीम व लोकर ही दोन्ही विजेची विसंवाहके आहेत, या योगायोगाने काही विद्वानांना मोह पडला. सोवळ्याच्या मुळाशी शरीरातील विद्युत्-शक्ती जपण्याचे शास्त्र आहे, असे प्रतिपादन गेली शंभर वर्षे अधूनमधून कानी येते. ते तपासून पाहणे सोपे आहे. विटाळ जर विजेसारखा वाहत असेल तर धातू त्याला सर्वांत अधिक बळी पडावयास हवेत. वस्तुस्थिती नेमकी उलट. विटाळलेले तांब्या-पितळेचे भांडे राखेने घासून चालते. मातीचे मडके मात्र, जे कोरडे असता विजेला मुळीच दाद देत नाही, फोडून टाकावे लागते. सोवळ्याच्या नियमांचे तर्कशास्त्र मोलाचे व टिकाऊपणाचे आहे, विजेचे नाही. आणि मुळात ज्याला अडवावयाचे तो प्रवाह नव्हता. तो माणूस होता. गावकुसाबाहेरची वस्ती हेच महाराष्ट्रातील खरेखुरे ‘इन्सुला’. कोरड्या जमिनीवरील बेट, ज्याच्या भोवती पाणी नाही आणि ज्याला पाण्याचाच हक्क नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी पाणी प्याले, तेव्हा त्यांनी ओलांडला तो हाच बांध.

इंग्रजीच्या दोन क्रियापदांत जो जपणे व दूर सारणे असा भेद पडला, त्याच्याशी येथे तुलना करता येते. मराठीतही दोन टोके आहेत. एका टोकाला ‘अलिप्त’ : ज्याला काही माखले नाही तो. कमळाच्या पानाची उपमा याच्याच घरची. हे साधकाचे व पुढे परराष्ट्रधोरणाचेही भूषण झाले. दुसऱ्या टोकाला ‘वाळीत’. अलिप्त माणूस आपणहून होतो, वाळीत त्याला इतर टाकतात. वाळीत टाकणे ही इतिहासजमा गोष्ट नाही, याचा पुरावा कायद्याच्या पुस्तकात आहे : सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला.

आता पुन्हा तारेकडे. तारतंत्र्याच्या बोलीत ‘इन्सुलेशन’ हे नाम इंग्रजी राहिले, परंतु क्रियापदे सर्व घरची आहेत. तार ‘सोलतात’, जशी शेंग किंवा ऊस सोलावा. आवरण गेले की तार ‘उघडी पडते’. पावसात खांबात करंट ‘उतरतो’, माणसाला ‘धरून ठेवतो’. परिभाषाकारांनी बांध पाहिला, तारतंत्र्याने साल पाहिली. इतिहासाच्या दृष्टीने तारतंत्री अधिक बिनचूक आहे, कारण गटापर्चापासून हा पदार्थ खरोखर कातड्यासारखाच अंगाला लपेटलेला आहे. शेतकऱ्याच्या बोलण्यात तर याहून लक्षणीय गोष्ट आढळते. उन्हाळ्यात विजेचा दाब घसरतो आणि विहिरीवरील ‘मोटर जळते’. ती ‘भरायला’ देतात, आणि त्या पाळीचे पाणी चुकते. वास्तविक तांबे जळालेले नसते. दाब कमी, म्हणून प्रवाह अधिक, म्हणून उष्णता अधिक, आणि तिने तारेवरील वार्निशाचा केसासारखा पातळ लेप करपतो. वेटोळे एकमेकांना भिडतात. हजारो रुपयांचे नुकसान होते ते या लेपामुळे, आणि त्याला बोलीत नावच नाही. ज्या वस्तूला नाव नाही तिची चौकशी कोणी करीत नाही. भरून आणलेल्या मोटरीत तांबे किती किलो घातले हे शेतकरी विचारतो, लेप कोणत्या प्रतीचा हे विचारीत नाही.

उष्णतेच्या बाबतीतही बोलीची दृष्टी पाहण्यासारखी आहे. गोधडी ऊब ‘देते’ असे आपण म्हणतो. गोधडी काहीच देत नाही. जुन्या लुगड्यांच्या थरांत कोंडलेली हवा अंगाची ऊब जाऊ देत नाही, इतकेच. थर्मासचा चहा गरम राहतो व त्याच थर्मासात बर्फही टिकतो, याचे खेड्यातील मुलास जे कुतूहल वाटते, त्याचे मूळ या ‘देण्या’च्या भाषेत आहे.

शेवटी ‘इन्सुला’च्या आणखी एका वंशजाची नोंद करावयास हवी. १८६९ मध्ये पॉल लांगरहान्स यांना स्वादुपिंडात पेशींचे वेगळे पुंजके आढळले. त्यांना पुढे द्वीपके हे नाव मिळाले, आणि त्यांतून पाझरणाऱ्या द्रव्याचे ‘इन्सुलिन’ हे नाव १९०९ मध्येच, म्हणजे १९२१ मध्ये टोरांटो येथे ते प्रत्यक्ष हाती लागण्यापूर्वी, सुचविले गेले होते. औषधाच्या दुकानातून हे इन्सुलिन घरी न्यावयाचे तर ते इन्सुलेशनच्या पिशवीत घालून देतात. ज्या घरी शीतकपाट नाही तेथे ते ओल्या मातीच्या मडक्यात ठेवण्यास डॉक्टर सांगतात. मडक्याचे काम मात्र रोधाचे नव्हे. त्याच्या सच्छिद्र अंगातून पाणी झिरपते व वाऱ्यावर उडून जाते, त्यानेच आतील औषध थंड राहते.